रोडपासून किती

आमच्याकडे घर बांधायला काढलं की गवंडी पहिला प्रश्न विचारतो, "रोडपासून किती ठेवायचं?" म्हणजे जोतं रस्त्यापेक्षा किती उंच घ्यायचं. कोणी दोन फूट सांगतो, कोणी अडीच. मी तीन सांगितलं होतं. शेजारी हसले होते की गोदामाचा माणूस आहे, घरालाही माल उतरवायचा धक्का बांधतोय. मी धान्याच्या गोदामात स्टोअरकीपर आहे. तिथे पोती जमिनीला टेकू द्यायची नसतात. तीच सवय घराला लागली, एवढंच.

आमचं गाव तालुक्याचं, लातूर आणि नांदेडच्या मधलं. इथला माल उदगीरला जातो आणि पोरं शिकायला लातूरला. गावाच्या पूर्वेला जुनं तळं आहे. तळ्याचा सांडवा जिथे उतरतो तिथून पुढे अर्धा मैल खोलगट जमीन आहे. तिला सगळे लवण म्हणतात. पावसाळ्यात लवणात पाणी साचतं, ते संक्रांतीपर्यंत टिकतं. कडेला लव्हाळे, मधे पाणकणीस. थंडीत बदकं उतरतात, बगळे तर बारमाही. उन्हाळ्यात मात्र तिथे पोरं क्रिकेट खेळतात. नवीन माणसाला वाटावं, एवढं सपाट मैदान गावाने मोकळं कसं ठेवलं.

लवण आणि आमची कॉलनी यांच्या मधून रोड जातो. रोडच्या अलीकडे आम्ही. पलीकडे, लवणाच्या काठाला, वीस-पंचवीस घरांची जुनी वस्ती, बहुतेक मुसलमान कुटुंबं. वेल्डिंगवाले, गादीवाले, एक घर बँडवाल्यांचं. त्या वस्तीच्या मागे लवणाची उत्तर बाजू आहे, आणि तिथेच ले-आउट पडायचा होता.

ही बातमी मला माझ्या मेहुण्याने दिली. बायकोचा धाकटा भाऊ. जिनिंगमध्ये फिटर आहे. एका रविवारी तो आला आणि त्याने ओट्यावर नकाशा पसरून चारी कोपऱ्यांवर चपला ठेवल्या.

"दाजी, चष्मा लावा. ह्यो आपला प्लॉट."

"घेतलास?"

"इसार दिला."

"मला विचारायचं तरी."

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही आधी माती तपासली असती, मग वारा, मग माझी पत्रिका. तवर प्लॉट संपले असते."

आतून बायको म्हणाली, "काही चुकीचं बोलत नाही तो."

त्याची घाई मला कळत होती. तो आईला घेऊन बाजारपेठेत भाड्याने राहतो, वरच्या मजल्यावर. जिना अरुंद, एका बाजूला भिंत आणि दुसरीकडे काहीच नाही. सासूबाईंचे गुडघे गेले. ऑपरेशनला त्या तयार नाहीत. डॉक्टरकडे न्यायचं तर खुर्चीत बसवून दोघांनी उचलायचं. त्यामुळे त्या खाली येतच नाहीत. उमरीला त्यांचं घर होतं तेव्हा दिवस दारात जायचा. भाजीवाली, पोस्टमन, शाळेची पोरं, सगळ्यांशी दोन शब्द व्हायचे. आता खिडकीतून समोरच्या दुकानाचे पत्रे दिसतात. मेहुण्याने आईला शब्द दिला होता की जमिनीवरचं घर करीन, दार रस्त्याला असेल. त्या शब्दासाठी त्याने लग्नानंतर एक मोटारसायकलसुद्धा बदललेली नाही.

"पण ती जागा हिरव्या पट्ट्यात आहे ना?" मी विचारलं.

"रहिवासी होऊन राहिलीय. जाहिरात निघाली. कोणाची हरकत नसली की झालं."

"आणि पाणी?"

"पाणी कुठं येतंय आता? तुम्हीच सांगा, रोडवर पाणी बघून किती वर्षं झाली?"

ते खरं होतं. ज्या वर्षी अतिवृष्टी झाली, त्या वर्षी रोडवरून गुडघाभर पाणी वाहिलं होतं आणि आमचं अर्धं जोतं बुडालं होतं. त्यानंतर रोडवर पाणी आलेलं नाही. गेल्या पावसाळ्यात तर लवण भरूनही रोड कोरडा राहिला. ले-आउटच्या इंजिनिअरने माहिती घ्यायला माणूस पाठवला होता, त्यालाही आम्ही सगळ्यांनी हेच सांगितलं. त्याने लिहून घेतलं आणि खाली आमच्या सह्या घेतल्या. माझी सही पहिली, कारण माझ्याजवळ पेन होता.

नंतर दोन-तीन दिवसांनी रोडपलीकडच्या वस्तीतली खाला आली. बँडवाल्यांच्या शेजारचं घर तिचं. मुलगा लोखंडी गेट बनवतो. आमचं गेटही त्यानेच केलेलं, आणि एका बाजूला किंचित कललेलं आहे हे मी त्याला दरवर्षी सांगतो. खालाच्या हातात वर्तमानपत्राचा तुकडा होता.

"भाईसाब, हे वाचून सांगा. इथं कालनी होऊन राहिली म्हणं."

मी वाचून दाखवलं. हिरव्या पट्ट्यातून रहिवासी विभागात फेरबदल, हरकती व सूचना लेखी द्याव्यात, नंतर सुनावणी.

"मंग लिहा."

"काय लिहू?"

"आमच्या घरात पानी येतंय ते लिहा. मुरूम टाकून राहिले ना मागं, तवापासून येतंय. सालोसाल."

"खाला, मुरूम तर यंदा पडला. पाणी आधीपासून येतं."

"आधी मोठ्या पावसातच यायचं. आता कोन्या बी पावसात येतंय. मुरूमच हाय ते."

तिचं कारण बरोबर नव्हतं. पण पाणी येत होतं हे खोटं नव्हतं. रोड कोरडा असताना रोडला लागून असलेल्या घरात पाणी कसं येतं, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. मी मनात म्हटलं, घर जुनं आहे, जमीन पाझरत असेल. तिला सांगितलं, बघतो. मेहुण्याने तिथेच प्लॉट धरलाय हे मी तिला बोललो नाही. चहा देताना बायकोनेही नाही.

पुढच्या रविवारी मेहुण्याने प्लॉट दाखवायला नेलं. त्याला भरावाला मुरूम किती लागेल याचा हिशेब माझ्याकडून हवा होता. मी घरातली लेव्हलची नळी घेतली. गवंडी वापरतात ती, पारदर्शक प्लास्टिकची, आत पाणी भरलेलं. दोघांनी दोन टोकं धरायची. दोन्हीकडचं पाणी आपोआप एका पातळीत थांबतं. तेवढ्यावर दोन ठिकाणांची उंची अचूक काढता येते, मधे खड्डा असो की भिंत.

उन्हाळा होता. लवण फुटलेल्या भाकरीसारखं कोरडं. प्लॉटच्या जागी चार खुंट्या आणि चुन्याच्या रेषा. पलीकडे रोडच्या कडेला विक्रीची मोठी पाटी, दोन जुन्या लोखंडी खांबांवर. तिच्यावर कारंजं रंगवलं होतं.

"कारंजं हाय आपल्या कॉलनीत," मेहुणा म्हणाला.

"पाण्याची कमी पडायची नाही," मी म्हणालो.

"दाजी, शुभ बोला जरा."

आम्ही रोडवरून सुरुवात केली. रोडपेक्षा प्लॉट पावणेचार फूट खाली निघाला. मी आकडा टिपला. गोदामात एक शिस्त आहे. काट्यावर एकदा वजन आलं की ओळखीचं वजन ठेवून काटा तपासायचा. म्हणून मी म्हटलं, रोडवरून माझ्या ओट्यापर्यंतही नळी लावू. ती उंची मला पाठ आहे, तीन फूट. बरोबर आली तर नळी बरोबर.

सव्वा फूट आली.

"बुडबुडा असेल," मी म्हणालो. नळीत हवा राहिली की पातळी चुकते. आम्ही नळी उलटी करून पाणी काढलं, पुन्हा भरलं, बोटाने टिचक्या मारत हवा घालवली. पुन्हा लावली. सव्वा फूटच.

"तुमचा ओटा बसला असंल," मेहुणा म्हणाला.

ओटा बसला असता तर भिंतीला भेगा पडल्या असत्या. मी रोडच्या कडेला बसलो आणि गटाराच्या बाजूने रोडचा काठ पाहिला. केकचे थर दिसावेत तसे थर होते. सगळ्यात खाली आम्ही घर बांधलं तेव्हाचा डांबरी. त्यावर खडी आणि पुन्हा डांबर. त्यावर सिमेंट. सगळ्यात वर मागच्या निवडणुकीआधी झालेलं आणखी एक सिमेंट. जुना रोड कोणी उकरला नव्हता. दर वेळी आहे त्याच्यावर टाकला होता. टेपने मोजलं तर एकवीस इंच. पावणेदोन फूट.

माझ्या ओट्याच्या पायऱ्या कमी होत गेल्या ते मी रोज बघत होतो. खालची पायरी रोडमध्ये गेली तेव्हा बायको म्हणालीसुद्धा होती की चढायला सोपं झालं. पण मोजायची वेळ आली की आम्ही सगळे रोडपासूनच मोजायचो.

विक्रीच्या पाटीच्या खांबावर चिखलाची रेघ होती. गेल्या पावसाळ्यात पाणी जिथे जास्तीत जास्त थांबलं तिथली, सुकून घट्ट झालेली. ती रेघ रोडच्या काठापेक्षा तीन इंच खाली. म्हणूनच आम्ही म्हणत होतो की पाणी रोडवर आलं नाही. आता मी ती ओट्यापासून मोजली. रोड ओट्याच्या पंधरा इंच खाली आणि रेघ रोडच्या तीन इंच खाली. एकूण अठरा. ओट्यापासून दीड फूट.

अतिवृष्टीच्या वर्षी तीन फुटांचं जोतं अर्धं बुडालं होतं. तेव्हाही पाणी ओट्यापासून दीड फुटावरच होतं.

मी ते दोन आकडे पुन्हा पुन्हा तपासले. पाणी एक इंचही उतरलेलं नव्हतं. अतिवृष्टीला जेवढं चढलं होतं तेवढंच ते आता साध्या पावसात चढत होतं. पूर्वी ते रोडवरून वाहून आमच्या बाजूच्या ओढ्याला लागायचं. आता रोड बांधासारखा आडवा झाला होता. रोडखालून पाणी जाण्यासाठी केलेल्या मोरीच्या नळ्या जुन्याच, अर्ध्या गाळाने भरलेल्या. पाणी पलीकडेच तुंबत होतं, खालाच्या घरात. आमची कॉलनी कोरडी राहत होती ती तशी.

"चल," मी म्हणालो. "प्लॉटवर उभा राहा."

"आता काय?"

"नळीचं टोक घे आणि जाऊन उभा राहा."

तो खुंट्यांच्या मधे जाऊन उभा राहिला. मी खांबाच्या रेघेला माझ्या बाजूचं पाणी लावलं आणि त्याला ओरडून सांगितलं की टोक वर-खाली कर, पाणी स्थिर झालं की सांग. त्याने ते छातीशी धरलं, मग थोडं खाली आणलं. थांबला. त्याने नळी पोटाशी धरली होती, पट्ट्याच्या जरा वर.

"हितं?" त्याने विचारलं.

"तिथं."

त्याने मोकळा हात पाण्याच्या रेषेला पोटावर आडवा धरला. मग म्हणाला, "आईच्या तर गळ्यापर्यंत येईल, खुर्चीत."

नळी घेऊन तो माझ्यामागून घरी आला. ओट्यावर नळी गुंडाळताना म्हणाला, "भराव टाकला तर?"

"तू टाकशील. मग शेजारचा टाकेल. सगळ्यांनी टाकला की लवणातली पाण्याची जागा गेली. तेवढं पाणी कुठेतरी चढणारच. आधी खालाकडे, मग आपल्या रोडवर, मग पुन्हा तुझ्याकडे."

"तुम्ही हरकत घेणार?"

मी टेप गुंडाळून खिशात टाकला.

"दाजी, ह्या जाहिरातीवर कोणी काही लिहिणार न्हाई. त्या वस्तीतल्या लोकांचं कोणी ऐकत न्हाई. तुम्ही लिहिलं तरच ते अडतं. आणि अडलं तर आपला इसार अडकला, घर अडकलं. मी आईला काय सांगू?"

त्याचा राग माझ्यावर होता, आणि मला तो चुकीचा वाटला नाही.

रात्रीच्या जेवणाला बायकोने माझ्या ताटात भाकरी टाकली आणि विचारलं, "आकडे नक्की?"

"दोनदा घेतले."

"मग लिहा. पण लिहायच्या आधी आईला तुम्ही जाऊन सांगा. भावाला सांगायला लावू नका."

मी दुसऱ्या दिवशी गोदामातून परस्पर बाजारपेठेत गेलो. सासूबाई पलंगावर बसून शेंगा फोडत होत्या. मी खुर्ची ओढली. त्यांनी जावयासाठी पदर सारखा केला आणि सुनेला चहाला सांगितलं. मी सगळं समजावून सांगितलं. रोड कसा वर आला, पाणी तिथेच कसं आहे, प्लॉट किती खाली आहे. त्या ऐकत होत्या. शेंगा फोडणं थांबलं नव्हतं.

"तुमचं घर कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"अलीकडे. रोडच्या अलीकडे."

"लवणातच ना? मी लग्न ठरवायला आले तवा तिथं म्हशी डुंबत होत्या. तुमच्या अंगणात."

"काठावर होती ती जागा."

"काठ म्हंजे लवणच. तवा कोणी हरकत घेतली व्हती?"

"नाही."

"मंग. तुमचं घर झालं. आता दुसऱ्याचं होऊ द्यायचं न्हाई. बरं हाय."

त्यांचं म्हणणं एका अंगाने बरोबरच होतं. आमच्या कॉलनीने जागा घेतली तेव्हा लवण तेवढं आकसलं, आणि रोड उंच करून द्या म्हणून नगरपालिकेला अर्ज दिला तोही आमच्याच कॉलनीने. त्याचं पाणी खालाच्या घरात जात होतं. पण आधीची चूक होऊन गेली म्हणून नवीन घर पाण्यात बांधू द्यावं, हे गणित मला कुठूनही जुळत नव्हतं. चहा पिऊन मी उठलो. जिना उतरताना मागून त्यांचा आवाज आला, "जपून. तिसरी पायरी तुटकी हाय." त्याही अवस्थेत त्यांना जावयाची काळजी होती, की जिन्याबद्दल मला ऐकवायचं होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी हरकत लिहिली. दीड पान. त्यात विशेषणं घातली नाहीत, फक्त उंच्या आणि त्या कशापासून मोजल्या ते. खालाच्या वस्तीतल्या लोकांनी खाली सह्या केल्या. आमच्या कॉलनीतून फक्त दोघांनी. बाकीच्यांचं म्हणणं, मोरी मोठी केली तर पाणी आपल्याकडे येईल. त्यांचा हिशेबही चुकीचा नव्हता. मी मागणीत लिहिलं होतं की मोरी मोठी करा आणि आमच्या बाजूचा ओढा साफ करा. म्हणजे पाण्याचा वाटा आमच्याकडेही येणार होता. एका शेजाऱ्याने विचारलं, "तुम्ही आपले का त्यांचे?" मी म्हणालो, "मी टेपचा." विनोद म्हणून बोललो, पण तो हसला नाही.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात झाली. तीन जणांची समिती, मधले बाहेरून आलेले निवृत्त अधिकारी. एका बाजूला ले-आउटचे इंजिनिअर आणि प्लॉट घेतलेले लोक. त्यांच्यात माझा मेहुणाही. त्याने मला नमस्कार केला आणि दुसरीकडे बघितलं. खाला शेवटच्या रांगेत मुलाबरोबर होती. खुर्च्या कमी होत्या म्हणून मुलगा उभा.

माझा नंबर आल्यावर मी उंच्या सांगितल्या. इंजिनिअर तरुण होता, सभ्य होता. त्याने एक कागद पुढे केला.

"काका, स्थानिक रहिवाशांचा हा जबाब. पाणी रस्त्यावर येत नाही. पहिली सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग तेव्हा खरं होतं की आता?"

"दोन्ही खरं आहे. पाणी रोडवर येत नाही. रोड पाण्याच्या वर गेला म्हणून येत नाही."

मागे कोणीतरी हसलं. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. हळू. ओट्यापासून तेव्हाचं पाणी, ओट्यापासून आताचं पाणी. त्यांनी कागदावर दोन आडव्या रेषा मारलेल्या मला दिसल्या.

इंजिनिअर म्हणाला, "हे सगळं एका प्लास्टिकच्या नळीवर आधारलेलं आहे. घरगुती मोजमाप आहे. हरकत घेणाऱ्याने स्वतःच्या ओट्यावरून घेतलेलं. दुसरं कोणी होतं का मोजताना?"

मी हातातल्या कागदाची घडी घातली. मेहुण्याचं नाव घेतलं असतं तर खोटं नव्हतं. पण त्याला तिथे, त्याच्या बाजूच्या लोकांत, मी उभं करू शकत नव्हतो. आपण काय बोलावं हे त्याचं त्याने ठरवायचं होतं.

मेहुणा उभा राहिला. प्लॉटधारकांच्या रांगेतून.

"दुसरं टोक माझ्या हातात होतं साहेब."

"आपण कोण?"

"माझा प्लॉट हाय तिथं. खालच्या पट्टीतला."

"म्हणजे तुम्ही ले-आउटच्या बाजूने आहात."

"हाव. बाजूनं हाय." तो थांबला. "पण पाणी हितं येतं." आणि त्याने पट्ट्याच्या वर हात लावून दाखवला. मग तो खाली बसला. त्याच्या शेजारचा माणूस आपली खुर्ची जरा सरकवून बसला, ते मला दिसलं.

अधिकाऱ्यांनी मला शेवटी विचारलं, नेमकं काय हवंय. मी तीन गोष्टी मागितल्या. एक, मोजमाप रोडपासून नको, तळ्याच्या सांडव्याच्या दगडापासून घ्या. तो दगड बांधल्या दिवसापासून हललेला नाही. दोन, मोरी मोठी करा. तीन, लवणाची खालची पट्टी मोकळी सोडा, वरच्या अंगाला घरं होऊ द्या. तिसरी मागणी वाचताना मेहुण्याकडे बघणं मी टाळलं. ती त्याच्या प्लॉटवरूनच जात होती.

बाहेर आल्यावर खालाने विचारलं, "ते पँट दाखवनारे कोन?"

"माझे मेहुणे."

"त्यांचा प्लाट बी गेला का मंग?"

"जाईल बहुतेक."

मेहुणा पानटपरीपाशी एकटा उभा होता. मग ती त्याच्याकडे गेली, काहीतरी बोलली. काय ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

आदेश पावसाळ्याच्या तोंडावर आला. खालची पट्टी वगळून फेरबदल मंजूर. मोरीचं अंदाजपत्रक करावं. आणि शेवटच्या कलमात, बांधकामाचं जोतं 'लगतच्या रस्त्याच्या पातळीपासून' दोन फूट वर असावं. मी ते कलम वाचून कागद टेबलावर ठेवला. बायको म्हणाली, काय झालं. मी म्हणालो, पुन्हा अर्ज करावा लागेल. तो अर्ज मी दिला. उत्तर आलेलं नाही. मोरीची खोदाई सुरू झाली आहे आणि आमच्या कॉलनीतले दोन जण मला पाहिल्यावर गटाराकडे बघतात.

मेहुण्याला वरच्या अंगाचा प्लॉट परवडणारा नव्हता. इसार तुकड्या-तुकड्याने परत मिळतोय. त्याने ते प्रकरण माझ्यापाशी पुन्हा काढलं नाही, पण रविवारी येणं बंद केलं. बायको भावाला फोन करायची, बोलणं झालं की माझ्याकडे न बघता फोन चार्जिंगला लावायची. मीही फोन करावा असं रोज वाटायचं. नंबर काढायचो आणि फोन ठेवून द्यायचो.

मग एका सकाळी त्याचाच फोन आला.

"दाजी, मोकळे आहात का?"

"आहे. का?"

"आईला उतरवायचंय. खुर्चीची एक बाजू धरायला माणूस पाहिजे."

स्टेशनच्या रस्त्याला त्याने दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या, तळमजल्यावर. आम्ही सासूबाईंना खुर्चीत बसवलं, चादरीने बांधलं आणि जिन्यावरून खाली आणलं. तो खालच्या बाजूला, मी वर. तुटक्या पायरीवर त्याने "हं" म्हटलं आणि मी थांबलो. पुढची पायरी त्याने पायाने चाचपली आणि मग पुन्हा "हं". मधे एकदा सासूबाई म्हणाल्या, "पाडू नका रे, अजून भाड्याचं घर बघायचंय." रिक्षापर्यंत आम्ही तिघंही घामाने भिजलो होतो.

नवी जागा साधी होती. दारासमोर रस्ता, पलीकडे स्टेशनकडे जाणारी माणसं. आम्ही खुर्ची उंबऱ्याच्या आत ठेवली. त्यांनी ती बाहेर घ्यायला लावली, मग जरा डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे, रस्ता दोन्ही बाजूंना दिसेल अशी. शेजारची बाई डोकावली आणि हे कोण म्हणून विचारलं.

"जावई," सासूबाई म्हणाल्या. "आमचं सोताचं घर होता होता राहिलं, ते ह्यांच्यामुळं."

शेजारीण माझ्याकडे बघायला लागली. मेहुणा आत भांडी लावत होता, त्याचा हात थांबल्याचं ऐकू आलं. मी म्हणालो, "खरं आहे ते."

"बसा आता," सासूबाई मला म्हणाल्या. "उभे काय राहिलात. चहा होऊन राहिला." आणि रस्त्याने जाणाऱ्या भाजीच्या गाड्याला त्यांनी हात केला. मेथीची जुडी हातात घेऊन उलटीपालटी पाहिली, काड्या फार आहेत म्हणून परत ठेवली आणि दुसरी मागितली.